पेटीची उबदार बाजू

गेल्या वर्षी आषाढातल्या एका शनिवारी संध्याकाळी सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकशेवीस डॉलरला तीन वस्तू आल्या: घरघंटी, पाच लिटरचा कुकर आणि कपडे वाळवायचा स्टँड. चौथी वस्तू फुकट होती. हजर होतो आम्ही चौघं. मी, माझा नवरा श्रीधर, आमची सतरा वर्षांची मुलगी इरा, आणि या सगळ्याचा मालक अमेय. त्याची नोकरी गेली होती, इथे राहायचा पास रद्द झाला होता, आणि महिन्याच्या आत त्याला देश सोडायचा होता.

इथल्या मराठी घरांत ही रीतच आहे. जो परत जातो तो आपलं सामान मागे राहणाऱ्यांना देऊन जातो. आमचा पूजेचा पाट ठाण्याच्या एका कुटुंबाचा, तुळस कोथरूडच्या एका बाईंची, झोपाळ्याची खुर्ची कोणाची ते आता आठवतही नाही. आमचं घर असं गेलेल्या माणसांच्या वस्तूंनी भरलेलं आहे. एरवी हे जाणवत नाही. श्रावण जवळ आला की जाणवतं.

यंदा अधिक महिन्यामुळे श्रावण लांबला. इथे ऋतू बदलत नाहीत, त्यामुळे तो आल्याचं कॅलेंडरवरूनच कळतं. पण यंदा त्याच अमावस्येनंतर इथल्या चिनी लोकांचा भुतांचा महिनाही सुरू झाला आहे. खाली पत्र्याच्या पिंपांत मेलेल्यांसाठी कागदी नोटा जळतात आणि त्यांची काळी पापुद्र्यासारखी राख अकराव्या मजल्यापर्यंत वर येते. काल एक तुकडा तुळशीत येऊन पडला. मी तो चिमटीत धरला तर त्याचा काही भार लागेना. बोटांवर नुसता काळा डाग उरला.

तर चौथी वस्तू. प्लास्टिकची लांबट पारदर्शक पेटी, तळाला लाकडाचा भुसा, एका कोपऱ्यात पाण्याची वाटी. भुशातून आधी एक केशरी वळण दिसलं, मग दुसरं.

"केशर," अमेय म्हणाला. "बिनविषारी आहे, मेधाताई. कॉर्न स्नेक म्हणतात. मलाही एकानं जातानाच दिली होती."

"इथे साप पाळणं गुन्हा आहे," मी म्हणाले.

"माहितेय. म्हणून तर विमानात नेता येत नाही आणि कुणाला विकताही येत नाही."

"मग सरकारी माणसांना फोन कर आणि देऊन टाक."

"माझा पास रद्द झालाय, ताई. आत्ता मी स्वतःहून कुठल्या सरकारी माणसाला फोन करू?"

श्रीधर तोवर पेटीशेजारी बसलाही होता. "श्रावण तोंडावर आलाय," तो म्हणाला. "श्रावणात दारात आलेल्या नागाला हाकलायचं? पंचमी होऊ दे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन करतो."

"हा नाग नाही."

"नागाची चुलतबहीण आहे."

इरा भिंतीला टेकून हसत होती. "बाबा, यू आर सो क्रेझी लाह."

मी हसले नाही. श्रीधरला बावीस वर्षं मधुमेह आहे, त्यातली नऊ वर्षं इन्शुलिन. त्याच वर्षीच्या मे महिन्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा दहा ठिकाणी टोचून पाहिला होता. दर वेळी डोळे मिटून त्यानं "आता" म्हणायचं होतं. उजव्या पायाला तो तीनदा म्हणाला, आणि त्यातल्या एका वेळी दोरा लागलेलाच नव्हता. मी समोर खुर्चीत बसले होते. बाई मला म्हणाल्या, "यांना आता पायाला लागलेलं कळणार नाही. तुम्हाला बघावं लागेल. रोज. पाय वाचवायचे आहेत ना?"

तेव्हापासून रोज आंघोळीनंतर तो पलंगावर पालथा पडायचा आणि मी त्याचे तळवे पाहायचे. दिव्याखाली, बोटांच्या मधल्या बेचक्यांसकट. घरात अनवाणी चालायचं नाही असा नियम मी केला, बाथरूमपासून गॅलरीपर्यंत वेगवेगळ्या चपला ठेवल्या. पाहुणे विचारत, एवढ्या चपला कुणाच्या? मी म्हणायचे, एकाच माणसाच्या.

आणि या घरात साप आला.

आमच्यासारख्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराजवळ जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक छोटी खोली असते. युद्ध झालं तर लपण्यासाठी सरकारनं बांधून दिलेली. सगळे तिथे तांदळाची पोती आणि सुटकेसी ठेवतात. आम्ही केशरला तिथे ठेवलं. दार मोठं निळसर, कडीवर कडी. इरा म्हणायची, आपल्या घरात सगळ्यात सुरक्षित तीच आहे.

घरात साप राहणारच होता, तर नियमानं राहावा म्हणून मी बसून माहिती काढली. सापाच्या अंगावर असे जंतू असतात जे धडधाकट माणसाला दोन दिवस पोटदुखी देतात आणि मधुमेहीला रुग्णालयात नेतात. म्हणून पेटीला हात लावल्यावर कोपरापर्यंत साबण, पाण्याची वाटी मोरीत धुवायची, स्वयंपाकाच्या सिंकमध्ये नाही. बोटाला चीर असेल तर आधी पट्टी. साखर तपासल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, कारण साखर उतरली की हात थरथरतात, डोकं चालत नाही, आणि थरथरणारा गरम हात सापाला हात वाटेलच असं नाही. घरात एकटं असताना पेटी उघडायची नाही. खाणं चिमट्यानं द्यायचं.

खाणं म्हणजे उंदराची गोठवलेली पिल्लं. अमेय त्यांचा एक डबा देऊन गेला होता. ज्या घरात श्रावणात कांदा-लसूण येत नाही त्या घराच्या फ्रीजरमध्ये ती पिल्लं आइस्क्रीमच्या डब्यात होती. इरानं डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: कुल्फी नाही.

श्रीधरनं सगळे नियम पाळले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. सकाळी बोट टोचायचा, यंत्र माझ्यापुढे धरायचा. "सहा पूर्णांक दोन, म्हणजे तिकडची एकशेबारा, साहेब. आत जाऊ?" मग चपला घालून त्या खोलीत बुटक्या स्टुलावर बसायचा आणि केशरला दोन्ही हातांवर घ्यायचा. ती त्याच्या मनगटावरून सरकत बाहीत शिरायची. अंगठ्याएवढी जाड, हात-सव्वाहात लांब, रंग तव्यावर नुकतं टाकलेल्या तिखटासारखा.

"दहा दिवसांतून एकदा जेवते," तो म्हणायचा. "साखर तपासत नाही. कुणी पाय बघत नाही."

"तिला पाय नाहीत."

"तेच म्हणतोय. सुटली."

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तिला हातावर घेतल्यावर तो डोळे मिटतो आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतो. मी दाराशी उभी राहून ऐकलं. तो म्हणत होता, "कळलं... कळलं... कळलं." बोटाखालून एक खवला गेला की एकदा. पायांचं जे झालं ते हातांचं होतंय का, हे तो रोज तपासत होता. दोरा टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे सहा महिन्यांनी जायचं होतं. केशर रोज होती.

त्यानंतर तिला देऊन टाकायचा विषय मी पंचमीपर्यंत काढला नाही.

जुलैच्या त्या दिवसांत पहाटे सुमात्राकडून वादळं यायची. अर्ध्या तासात आभाळ जांभळं, खिडक्या थरथरायच्या, आणि ऑफिसला निघेपर्यंत पुन्हा लख्ख ऊन, जणू काही झालंच नाही. अशाच एका सकाळी इरा शाळेचा गणवेश घालून त्या खोलीत वाकून पाहत होती.

"आई, ती सारखी थंड बाजूला का असते?"

पेटीच्या अर्ध्या भागाखाली एक चटई होती, विजेवर गरम होणारी, वहीच्या पानाएवढी आणि पुठ्ठ्याएवढी पातळ. सापाला एक बाजू उबदार लागते आणि एक थंड. ऊब हवी तेव्हा तो इकडे येतो, नको तेव्हा तिकडे जातो. चटई किती तापवायची ते एक छोटं यंत्र ठरवायचं आणि त्याची वायर पेटीच्या आत चिकटवलेली होती. केशर तीन दिवस थंड कोपऱ्यात वेटोळं करून होती. उबदार बाजूचा भुसा जागच्या जागी, तिची एक रेघही नाही.

"रुसली असेल," श्रीधर म्हणाला. "आधीच्या मालकाची सवय होती."

इरानं आत हात घातला आणि झटकन काढला. "ऐयो! बाबा, सो हॉट!" तिनं शोधून काढलं. वायरचं टोक सुटून भिंतीपाशी गार जागी पडलं होतं. "बघ, यंत्राला वाटतंय पेटी थंडच आहे. म्हणून ते तापवतच बसलंय. थांबतच नाही." तिनं टोक परत आत चिकटवलं. "केशर स्मार्ट आहे. तिला कळतं, ती बाजूला होते. नाहीतर भाजली असती ना."

श्रीधरनं आपला हात त्या जागेवर ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग म्हणाला, "हो, गरम आहे."

तो थोडा वेळ मला अजून आठवतो.

नागपंचमी मंगळवारी आली. त्या दिवशी आमच्याकडे काही चिरत नाहीत, काही तळत नाहीत, तवा चुलीवर चढत नाही. पुरणाचे दिंड उकडायचे, हळदीच्या पानाचा वास घरभर. श्रीधरच्या वाट्याला एक दिंड, तोही मोजून, आणि त्याप्रमाणे इन्शुलिन. मी सुट्टी घेतली होती. इरा शाळेत होती. सकाळी त्याच्या आंघोळीनंतर मी पाय पाहिले. दोन्ही स्वच्छ होते. टाचांना भेगा, त्या नेहमीच्या. मलम लावलं.

दरवर्षी मी पाटावर हळद-चंदनानं नाग काढते. त्या वर्षी श्रीधर म्हणाला, "घरात खरी असताना काढायची कशाला? तिलाच पाटावर बसवू."

"दूध ठेवायचं नाही हं तिच्यापुढे," मी म्हणाले. "इरा चिडेल."

"दूध आपण पिऊ. तिला नुसता मान."

मी स्वयंपाकघरात दिंडांची चाळणी उतरवत होते. त्यानं खोलीतली केशरची पेटी स्वतःच उचलून पाटावर ठेवली. बाहेर रांगोळीची दोन बोटं, लाह्या, दूर्वा, निरांजन. पेटी उचलल्यावर खालची फरशी भुशानं आणि वायरीनं वाईट दिसत होती म्हणून त्यावर घडी घातलेला धुतलेला पंचा पसरला. हे सगळं त्यानं नीटनेटकेपणानं केलं, जसं तो सगळं करतो.

मी ताट घेऊन आले तेव्हा तो स्टुलावर बसला होता, कहाणीचं पुस्तक मांडीवर, चपला दाराबाहेर.

"पाय," मी म्हणाले.

"मेधा, पूजा आहे. देवासमोर चपला घालून बसू?"

"मोजे तरी."

"दहा मिनिटांचं काम आहे गं. आणि बघ, पंच्यावर आहेत पाय. फरशी टोचणार नाही."

खरंच उजवं पाऊल पंच्यावर होतं. त्या खोलीत दोन माणसांना पुरेल एवढी जागाच नाही, पाय ठेवायला दुसरीकडे वाव नव्हता. मी दाराच्या चौकटीत उभी राहिले. त्यानं कहाणी वाचली, सावकाश, चांगल्या आवाजात. नांगराच्या फाळाखाली नागिणीची पिल्लं मेली, ती सूड घ्यायला निघाली, आणि एकीच्या घरी पाटावर काढलेले नाग आणि दूध-लाह्या पाहून शांत झाली. मग अथर्वशीर्ष झालं. मग आरती. दहा मिनिटांचं चांगलं अर्ध्या तासावर गेलं.

केशर पाटावरच्या पेटीत एका कोपऱ्यात होती. तिनं डोकं उचललं होतं आणि जीभ आत-बाहेर करत ती एकसारखी खाली पाहत होती, त्याच्या पायाकडे. श्रीधरनं वाचता वाचता मला डोळ्यांनी खुणावलं, बघ, ऐकतेय. मला ते आवडलं नाही, पण का ते सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शब्द दिल्याप्रमाणे त्यानं सकाळी आठला फोन केला. नऊच्या सुमाराला प्राणी खात्याची एक तरुण मुलगी आली, खाकी पँट, हातात कापडी पिशवी. श्रीधर अजून आंघोळीला गेला नव्हता. तिनं कुठून आला, कधीपासून आहे वगैरे विचारलं. त्यानं सगळं खरं सांगितलं. केशरला शेवटचं हातावर घेतलं, डोळे मिटले, ओठ हलले. मग पिशवीत सोडलं. मुलीनं पिशवीच्या तोंडाला गाठ मारली आणि खाली पाहिलं.

"अंकल, पेटीतलं पाणी सांडलंय वाटतं."

फरशीवर ओले ठसे होते. खोलीपासून सोफ्यापर्यंत आणि सोफ्यापासून दारापर्यंत. श्रीधर आत गेला, पाण्याची वाटी पाहून आला. "नाही, भरलेली आहे."

ठसे एका आड एक होते. फक्त उजव्या पायाचे. तो आत जाऊन आला त्याचे आणखी चार उमटले होते, आणि त्यांत थोडा गुलाबी रंग होता.

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि चप्पल काढली. चवड्याखाली आणि शेवटच्या दोन बोटांखाली कातडी पांढरी पडून सैल झाली होती, एका कडेनं फाटली होती, केशरनं आमच्याकडे आल्यावर टाकलेल्या कातीसारखी. ती कात आम्ही काढून ठेवली होती, अख्खी.

"काय आहे?" त्यानं विचारलं. त्याला दिसत नव्हतं, आणि दिसल्याशिवाय कळायचा त्याला दुसरा मार्ग नव्हता.

ती मुलगी पिशवी हातात धरून उभीच होती. "चावली का?" तिनं हळूच विचारलं.

मी त्या खोलीत गेले. पेटी पाटावर. पंचा फरशीवर. मी पंच्यावर तळवा ठेवला आणि ओढून घेतला. पंच्याखाली चटई होती. वायरचं टोक पेटीबरोबर वर जाताना सुटलं होतं आणि गार फरशीवर पडलं होतं. चोवीस तास त्या यंत्राला वाटत होतं, अजून थंडच आहे.

मी बटण बंद केलं. बाहेर येऊन म्हणाले, "नाही. ती नाही चावली."

पुढचे आठवडे पट्ट्यांचे होते. जखम भरते आहे, भरते आहे, आणि मग एका सोमवारी कडा काळसर. गेल्या वर्षी भुतांचा महिना श्रावणाच्या मागून आला होता. रुग्णालयातून परत येताना खालच्या मैदानात मंडप घातलेला असायचा, मंचावर गाणी, आणि पुढची खुर्च्यांची ओळ पूर्ण रिकामी. ती रांग मेलेल्यांसाठी सोडलेली असते. व्हीलचेअर ढकलताना मला त्या रांगेसमोरून जावं लागायचं. श्रीधर एकदा म्हणाला, "एक खुर्ची दे म्हणावं, पाय टेकायला." मी हसले, कारण त्याला हसायला हवं होतं.

सप्टेंबरमध्ये शेवटची दोन बोटं काढली. इरानं बरेच दिवस त्या खोलीचं दार उघडलं नाही. एकदा मला म्हणाली, "आई, मी सांगितलं होतं ना, वायर सुटली की काय होतं." आरोप नव्हता त्यात. ती नुसतीच पुन्हा पुन्हा त्याच जागी येत होती. प्राणी खात्यानं आम्हाला लेखी समज देऊन सोडलं. अमेयचा पुण्याहून फोन आला, त्यानं केशर कशी आहे विचारलं. श्रीधरनं सांगितलं, चांगल्या ठिकाणी गेली.

आता मी सगळीकडे आधी हात लावते. लिफ्टबाहेरची उन्हातली लाद्यांची वाट, बसची खिडकीकडची सीट, देवळाच्या अंगणातला दगड. मी वाकते, तळवा टेकवते, "ये" म्हणते, मग तो पाऊल टाकतो. लोकांना वाटतं मी नमस्कार करते आहे. जिवंत राहणं म्हणजे काय ते मला एका सापानं दाखवलं होतं, तीन दिवस थंड कोपऱ्यात बसून. ऊब पोळायला लागली की बाजूला व्हायचं. एवढंच. आणि तेवढंच त्याला येत नाही. बाजूला होण्याचं काम माझ्याकडे आलं आहे, दुसऱ्याच्या पायांसाठी.

यंदा पंचमीच्या आधीच्या शनिवारी आम्ही क्वीन्सटाउनला गेलो. तिथे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर पायाच्या मापानं चपला करणारे एक म्हातारे चिनी गृहस्थ आहेत, रुग्णालयातूनच पत्ता मिळाला. श्रीधरला चपलांचा एक वेगळा जोड हवा होता, फक्त पूजेसाठी, कधी घराबाहेर न गेलेला. चामड्याचा नको, कापडाचा. हे त्यानंच सुचवलं. त्या दिवशी देवासमोर चपला घालून बसू का म्हणणारा माणूस दुकानात बसून चपलेचा रंग निवडत होता. त्यानं पांढरा निवडला.

म्हाताऱ्यांनी त्याचं उजवं पाऊल हातात घेतलं, दोन बोटांच्या जागेवर अंगठा फिरवला, आणि तिथे मऊ भर घालायची म्हणून खूण केली. मग डाव्याचं माप घेतलं. नमुन्याचा तळ त्यांनी श्रीधरच्या हातात दिला, घसरू नये म्हणून त्यावर बारीक रेघा उठवलेल्या. श्रीधरनं सवयीनं डोळे मिटले आणि बोट त्यांवरून नेलं. मी त्याच्या ओठांकडे पाहत होते. एकदा हलले. मग बोट शेवटापर्यंत गेलं तरी ते हलले नाहीत. त्यानं डोळे उघडले, तळ परत दिला आणि म्हणाला, "छान आहे."

म्हाताऱ्यांनी कपाट उघडलं. आत प्लॅस्टरचे पाय ओळीनं ठेवलेले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. ते माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, उगाच आवाज न चढवता, जसं कुणी छत्री घेऊन जा म्हणेल तसं, "डावा पाय अजून चांगला आहे. आत्ताच त्याचा साचा काढून ठेवतो, पूर्ण पाचही बोटांचा. पुढे बरं पडतं."

श्रीधर भिंतीवरच्या चित्रांकडे पाहत होता. त्यानं ऐकलं की नाही मला माहीत नाही.

जोडाचे दोनशे चाळीस आणि डाव्या पायाच्या साच्याचे पन्नास, असे एकूण दोनशे नव्वद डॉलर मी त्या म्हाताऱ्यांच्या हातात मोजून दिले.